जुना नकाशा कुठे आहे? घर वाढवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

यंदा पावसाळा उतरताच वाचकांच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: आहे त्या घराला एक खोली जोडायची किंवा वर मजला चढवायचा, आणि परवानगी अडली. नवं घर बांधताना कोऱ्या कागदावर सुरुवात होते. जुनं वाढवताना मात्र तीस वर्षांपूर्वी कोणी काय काढलं, काय बांधलं आणि काय नोंदवलं, हे सगळं एकदम समोर येतं. काही प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न: आमचा प्लॉट ४० बाय ५० फुटांचा, एनए (अकृषक) लेआऊटमधला. १९९६ साली तळमजला बांधला, ९५० चौरस फूट. आता मागे १२ बाय १४ ची खोली आणि वर जुन्या घराएवढा मजला चढवायचा आहे. फाइल ऑनलाइन टाकून चार महिने झाले. तीन वेळा त्रुटी काढल्या, दर वेळी नवीन. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजतात म्हणे. काम सुरू करावं का? (जळगाव जिल्हा)

काम सुरू करू नका. साठ दिवसांची तरतूद खरी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ मध्ये ती आहे. पण दोन गोष्टी सोडून ती सांगितली जाते. पहिली, हे दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीला तुम्ही दिलेलं उत्तर पोहोचल्यापासून, यातली जी तारीख नंतरची तिच्यापासून मोजतात. म्हणजे तिसऱ्या त्रुटीला उत्तर दिलं त्या दिवशी तुमचे साठ दिवस नव्याने सुरू झाले. दुसरी, अशी मानीव (मिळाली असं धरलेली) परवानगी फक्त नियमांत तंतोतंत बसणाऱ्या नकाशाला मिळते. नकाशात एक भिंत जरी मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, गेली असेल तर साठ काय, सहाशे दिवस गेले तरी ते बांधकाम अनधिकृतच.

आता मूळ दुखणं. पत्रासोबत पाठवलेला नकाशा पाहिला. तुमचा प्लॉट २,००० चौरस फूट, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. मुंबई आणि इतर काही भाग सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. बोलताना सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. दाट वस्तीच्या बाहेर तिच्यानुसार मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० आहे. तुमच्या वाट्याला २,२०० चौरस फूट आले. मिस्तरीने केलेला हिशोब असा दिसतो: जुनं ९५०, मागची खोली १६८, वरचा मजला ९५०, एकूण २,०६८. बसतंय की! पण नव्या नियमावलीत बाल्कनी आणि जिनाही एफएसआयमध्ये धरतात. मजल्याच्या बाहेरच्या कडेने जी रेघ फिरते तिला पी-लाइन म्हणतात आणि तिच्या आतलं सगळं मोजलं जातं. तुमची पुढची बाल्कनी ४ बाय २० म्हणजे ८० चौरस फूट. जिना ७ बाय ९ चा, दोन मजल्यांचा मिळून १२६. बेरीज गेली २,२७४ वर. चौऱ्याहत्तर चौरस फूट जास्त. १९९६ च्या काळात बाल्कनी आणि जिना बऱ्याच ठिकाणी वेगळे धरत. त्यामुळे जुन्या सवयीने नकाशा काढणाऱ्यांचं गणित हमखास इथेच चुकतं.

यावर दोन उपाय आहेत. निवासी बांधकामाला मूळ एफएसआयच्या वर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मिळतो. तुम्हाला लागतो चौऱ्याहत्तर चौरस फुटांपुरता, तेव्हा रक्कम आवाक्यातली निघेल. नाहीतर बाल्कनी काढून तिथे खिडकीवर साधा छज्जा घ्या. पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा मार्जिनमध्ये चालतो. खानदेशच्या उन्हात पश्चिमेकडच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये तसंही कोणी बसत नाही.

एफएसआय सुटला तरी मागची खोली सुटत नाही. नकाशात मागचं मोकळं अंतर खोलीच्या भिंतीपासून दाखवलंय, पण खोलीला जोडलेला संडास त्याच्या बाहेर आहे. ‘एवढासा संडास’ म्हणून तो मोजायचा राहिला असेल, छाननी करणारा मात्र नेमका तोच पाहतो. संडास खोलीच्या आत घ्या. खोली १२ बाय १० ची होईल, पण मंजूर होईल.

त्रुटी दर वेळी नवी का निघते? कारण तपासणी टप्प्याटप्प्याने होते: आधी मालकी, मग जागा, मग नकाशा, शेवटी शुल्क. पहिल्याच टप्प्यावर अडलेली फाइल पुढच्या टेबलावर जातच नाही. म्हणून पुढच्या उत्तरासोबत सगळं एकदम द्या:

मालकीचा उतारा (सातबारा किंवा मिळकत पत्रिका) आजच्या मालकाच्या नावाचा हवा. तुमच्या उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. वारसनोंद आधी करून घ्या. भावाबहिणींची नावं लागली तर अर्जावर त्यांच्याही सह्या किंवा नोटरी केलेली संमती लागेल. ही एकच गोष्ट दोन महिने खाते, म्हणून इंजिनिअरकडे जाण्याआधी ती मार्गी लावायची असते. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत लागते. कुंपणाची भिंत हीच हद्द असं धरून काढलेला नकाशा आणि मोजणी यांत अर्ध्या फुटाचा फरक निघाला तरी सगळी मार्जिनं हलतात. लेआऊट मंजुरीचा आदेश आणि एनए आदेश जोडा. आणि १९९६ चा मंजूर नकाशा.

हा शेवटचा कागदच बहुतेकांकडे नसतो. नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात प्रमाणित प्रतीचा अर्ज करा. ‘सापडत नाही’ असं तोंडी सांगितलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असं लेखी आलं तर तोही पुढे कामाला येणारा कागद आहे. तोवर आणखी एक जागा शोधा: तेव्हा घरासाठी कर्ज काढलं असेल तर बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या फाइलमध्ये मंजूर नकाशाची प्रत असते. कपाटात नसलेला नकाशा तिथे निघतो.

तुम्ही तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर घर वापरायला मिळणारा दाखला) घेतलेलं नाही. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांत फरक असेल तर तो लपवू नका. नव्या नकाशात ‘मंजूर’, ‘प्रत्यक्ष’ आणि ‘प्रस्तावित’ अशी तिन्ही कामं वेगवेगळी दाखवा. पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी, नवा लाल रंगाने. नियमांत बसणारा जुना फरक याच अर्जात दंडात्मक शुल्क भरून नियमित करता येतो. लपवला तर साइटवर टेप लावला त्या दिवशी उघडा पडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतली जाते.

‘साहेबांना भेटा’ हा सल्ला अर्धवट आहे. भेटा, पण परत येऊन भेटीत काय ठरलं ते ऑनलाइन फाइलवर लेखी टाका. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद नियमावलीत आहे आणि तुमचा प्लॉट त्यातच मोडतो. कागद स्वच्छ असतानाही ती मुदत टळली, तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली पहिलं अपील करता येतं. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम किरकोळ असली तरी अपिलाची नोंद होते, आणि नोंद झालेली फाइल टेबलावर फार काळ पडून राहत नाही. अर्ज लेखी फेटाळला तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील आहे, मुदत ४० दिवस.

पैशाचा अंदाज काढताना छाननी शुल्क, विकास शुल्क, पूरक एफएसआयचं अधिमूल्य आणि कामगार कल्याण उपकर ही चार खाती धरा. निवासी विकास शुल्क जमिनीच्या रेडीरेकनर (सरकारी बाजारमूल्य) दरावर आकारतात, जमिनीपोटी अर्धा टक्का आणि बांधकामापोटी दोन टक्के. जुन्या ९५० फुटांचं शुल्क १९९६ मध्ये भरल्याची पावती असेल तर ती जोडा.

प्रारंभ प्रमाणपत्राची (काम सुरू करण्याच्या परवान्याची) मुदत एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. वाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत करायचा. आणि मागच्या खोलीचं जोतं झालं की भिंती उचलण्याआधी जोता तपासणी मागवा. मिस्तरीला घाई असते. पण जोत्याचा तो कागद नसेल तर भोगवट्याच्या वेळी फाइल पुन्हा त्याच टेबलावर जाते.

प्रश्न: गावठाणात आमचं धाब्याचं (मातीच्या छताचं) घर आहे. पुढचा भाग पाडून खाली-वर स्लॅबच्या खोल्या काढायच्या आहेत. गावात सगळे म्हणतात, खेड्यात परवानगी लागत नाही. बँक मात्र परवानगी मागते. शेजाऱ्याची आणि आमची मधली भिंत एकच आहे. (पारोळा तालुका)

‘परवानगी लागत नाही’ हे अर्धवट ऐकलेलं वाक्य आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे १,६०० चौरस फूट) प्लॉटवर घर बांधताना नगररचना कार्यालयात जावं लागत नाही, हे खरं. पण मालकीचा कागद, जागेचा नकाशा, इमारतीचा नकाशा आणि परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. १५० ते ३०० चौरस मीटरला त्यासोबत विकास शुल्क भरायचं आणि ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. त्याहून मोठं असेल तर नगररचनेकडे जावं लागतं. बँकेला हेच चार कागद आणि ग्रामपंचायतीची पोच हवी असते, त्यामुळे ते काढून ठेवलेत तर कर्जही सुटेल.

मालकीच्या कागदावर इथे गाडी अडते. लोक नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. (शेतजमिनीचा ८अ हा आणखी वेगळा कागद. दोघांची गल्लत करून चुकीचा उतारा घेऊन येणारे कमी नाहीत.) स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका तयार होते. तुमच्या गावाची झाली असेल तर ती काढा आणि क्षेत्र तपासा. ओट्याखालची जागा पत्रिकेत आली नसेल तर हरकत आत्ताच नोंदवा, घर पाडल्यावर नाही.

गल्लीचंही पाहा. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्ली साडेचार मीटरची आहे असं धरतात, आणि गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर आत बांधकाम न्यावं लागतं. तुमची गल्ली आठ फुटांची, म्हणजे मध्यापासून आताच्या भिंतीपर्यंत चारच फूट. नवी भिंत साधारण साडेतीन फूट आत जाईल. जुन्या ओट्याच्या रेषेतच स्लॅब बाहेर काढायचा विचार असेल तर तो सोडा. बँकेचा अभियंता हीच मापं घेणार.

आता मधली भिंत. धाब्याच्या घरात मातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते आणि दोन्ही घरांचे खण (छताची आडवी लाकडं) तिच्यावर टेकलेले असतात. वर किलचन (लाकडी तुकड्यांचा थर) आणि त्यावर माती. सहा इंच मातीचं वजन एका चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो भरतं. तुमच्या बाजूचं धाबं उतरवलं की भिंतीवर एकाच बाजूने भार राहतो आणि ती तुमच्या अंगाला झुकते. म्हणून आधी शेजाऱ्याच्या खणांना त्याच्या घरातून टेकू द्या. मग माती वरून थर-थर उतरवा, एका जागी ढीग करू नका. भिंतीत गेलेली खणांची टोकं हिसका देऊन ओढायची नाहीत, भिंतीला लागून करवतीने कापायची. आतलं टोक भिंतीतच राहू द्या. ते ओढून काढलं तर पोकळी राहते आणि पहिल्या पावसात तिथूनच भिंत सुटते.

नवं घर त्या भिंतीवर टेकवायचंच नाही. तिच्याजवळ स्वतःचे कॉलम घ्या, आणि पाया खोदताना भिंतीच्या कडेने एका वेळी तीन-चार फुटांपेक्षा लांब चर उघडा ठेवू नका. एक तुकडा भरला की पुढचा. सामाईक भिंत पूर्ण पाडायची असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आणि नवी भिंत कोणाच्या हद्दीत उभी राहणार हे लिहिलेला करार, दोन्ही हवेत. तोंडी ‘काही हरकत नाही’ हे दुसऱ्या पिढीत टिकत नाही.

प्रश्न: काळ्या मातीत बांधलेल्या जुन्या घराला तीन वर्षांपूर्वी खोली जोडली. दोन्हींच्या सांध्यात आता बोट जाईल एवढी भेग आहे. उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात थोडी मिटते. पलीकडे अजून एक खोली काढायची आहे. अभियंता वेगळा पाया आणि स्थैर्याचा दाखला सांगतो, मिस्तरी म्हणतो जुन्या जोत्यालाच दाता काढून जोडू. (अमळनेर)

अभियंत्याचं ऐका. तापी-बोरी खोऱ्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. जुन्या घराखालची माती मधोमध वर्षभर जवळपास सारखीच ओली राहते. नवी खोली कडेला असते, तिच्याखालची माती उन्हाने भेगाळते. एक घर स्थिर, दुसरं दरवर्षी खाली-वर. विटांचे दाते एकमेकांत गुंतवले म्हणून ही हालचाल थांबत नाही, उलट भेग सांध्यातून निघून जुन्या भिंतीत शिरते. तुमची भेग सांध्यातच राहिली, हे नशीबच म्हणायचं.

पुढच्या खोलीसाठी दोन घरांमध्ये एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवा, पायापासून गच्चीपर्यंत. जुन्या भिंतीला चिकटून नव्या खोलीचे स्वतःचे कॉलम येतील. फटीत थर्माकोल किंवा डांबरी बोर्ड, बाहेरून लवचीक सीलंट, गच्चीवर एकाच बाजूला खिळलेली पत्र्याची पट्टी. पट्टी दोन्ही बाजूंना खिळली तर पहिल्याच उन्हाळ्यात फाटते. दारातून एका घरातून दुसऱ्यात जाताना फरशीतही सांधा सोडावा लागतो. दिसायला वाईट दिसतो म्हणून फरशीवाला तो भरून टाकतो. त्याला आधीच बजावून ठेवा.

पाया किती खोल? काळी माती तीन-चार फुटांत संपून मुरूम लागत असेल तर मुरमातच बसवा. माती खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब, बरे: किमान साडेतीन मीटर खोल, ३० सेंटिमीटर व्यासाचे, तळाशी फुगा ७५ सेंटिमीटरचा, दोन पाइलमध्ये किमान दीड मीटर अंतर. वरचा प्लिंथ बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली ८ सेंटिमीटर पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. मिस्तरी ती पोकळी हमखास मुरमाने ठासून भरतो आणि पाइलवर घातलेला खर्च वाया जातो. जोत्याच्या आतली काळी माती काढून न फुगणारा मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरा. बाहेरून घराभोवती मीटर-दीड मीटर रुंद फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला. बाथरूमचं पाणी त्या कडेला मुरू देऊ नका.

दाखल्याचं म्हणाल तर त्याशिवाय परवानगीची फाइल पुढे सरकणारच नाही. जुन्या घरावर मजला चढवायचा असता तर तो दाखला आणखी कडक लागला असता. नऊ इंची विटांच्या भिंतीवर उभं असलेलं घर, त्यात चुना-मातीचा जोड, आणि वर पाच इंची स्लॅब. नुसत्या स्लॅबचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. अशा वेळी पायाशेजारी एक खड्डा खोदून पायाची खरी रुंदी-खोली मोजल्याशिवाय सही करणाऱ्या अभियंत्यापासून लांब राहा. आणि काँक्रीट उन्हाळ्यात टाकणार असाल तर स्लॅब पहाटे टाका. आपल्याकडच्या कोरड्या उष्णतेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि पीपीसीला (राखमिश्रित सिमेंटला) चौदा दिवस पाणी लागतं. घरोघरी पीपीसीच वापरतात आणि पाणी मात्र सात दिवसच मारतात.

प्रश्न: वरचा मजला काढायचा आहे. गल्लीतून ११ केव्हीची लाइन जाते, घराच्या भिंतीपासून चारेक फुटांवर. शिवाय मागे रेल्वेची हद्द आहे. (भुसावळ)

अकरा केव्हीच्या तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर लागतं. हे अंतर भिंतीपासून नव्हे, इमारतीच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागापासून मोजतात, तार वाऱ्याने जास्तीत जास्त झुलेल हे धरून. चार फूट म्हणजे १.२२ मीटर. कागदावर जेमतेम बसतंय, पण वर अर्ध्या फुटाचा छज्जा काढला की गेलं. त्या बाजूला छज्जा, बाल्कनी, गॅलरी काहीही नको. नाहीतर लाइन सरकवण्याचा किंवा केबल टाकण्याचा अर्ज महावितरणकडे करा, खर्च अर्जदाराचा. ते काम झाल्याशिवाय कॉलमच्या सळया वर नेऊ नका. बारा मीटरची सळई गच्चीवर उभी करून फिरवताना तारेला लागते. मजला चढवताना सर्वांत मोठा धोका हाच आहे, भिंतीच्या अंतराचा नाही.

रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचं ना-हरकत लागतं. ते यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज नगरपालिकेच्या फाइलसोबतच टाका. त्रुटी निघण्याची वाट पाहू नका.

प्रश्न: पांझरेच्या काठाजवळ आमचं जुनं अधिकृत घर आहे. खालचं मोकळं पार्किंग बंद करून खोली करायची आहे. त्यालाही पूररेषा लागते का? (धुळे)

लागते. आधी घर कोणत्या पट्ट्यात आहे ते पाहा. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध आहे. ही रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळी रेषा आणि त्याहून मोठ्या पुराची तांबडी रेषा यांच्या मधला पट्टा नियंत्रित असतो, तिथे जोतं तांबड्या रेषेच्या पातळीपासून ०.४५ मीटर वर लागतं. पार्किंगची फरशी या पातळीच्या खाली असेल तर तिथे राहण्याची खोली मंजूर होणार नाही, घर कितीही जुनं आणि अधिकृत असलं तरी. रेषा जलसंपदा विभाग आखतो. विकास आराखड्याच्या नकाशावर ती दाखवलेली असते आणि झोन दाखल्यात उल्लेख मागता येतो. पुराचं पाणी भिंती नसलेल्या पार्किंगमधून वाहून जातं. चारी बाजूंनी विटा लावल्या की तेच पाणी भिंतीवर दाब देतं आणि कॉलमशी खड्डे पाडतं. बंद करायचंच असेल तर जाळी लावा.

प्रश्न: गुंठेवारीतला (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला) प्लॉट, नोटरीवर घेतलेला. दोन खोल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी विनापरवाना तिसरी आणि पोर्च बांधला. घरपट्टी वाढवून लावली, आम्ही भरतोही. आता नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली. घरपट्टी घेता आणि पाडायला सांगता, हा कुठला न्याय? (नंदुरबार जिल्हा)

राग समजतो, पण घरपट्टी हा वापरावरचा कर आहे. ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, आणि आकारणीच्या कागदावर तसं बहुधा छापलेलंही असतं.

आज करायचं काम एकच: नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, त्याच कलमाच्या पोटकलम ३ खाली, बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ चा परवानगी अर्ज दाखल करा आणि पोच घ्या. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकामाला हात लावता येत नाही. मुदत एक दिवसाने चुकली तरी हे कवच राहत नाही, त्यामुळे वकील शोधण्यात आठवडा घालवू नका. अर्जासोबत नकाशा हवाच. परवानाधारक अभियंत्याकडून जागेवरचं मोजमाप करून घ्या आणि नियमात न बसणारा भाग, तुमच्या बाबतीत बहुधा पोर्च, स्वतःहून काढून टाकण्याची तयारी अर्जात लिहा. उरलेल्या खोलीचं काम त्याने सोपं होतं.

गुंठेवारी नियमितीकरणाची तारीख आता ३१ डिसेंबर २०२० आहे. मूळ दोन खोल्या त्याआधीच्या असल्याचे पुरावे (वीजबिल, जुनी आकारणी) असतील तर त्यांच्यासाठी गुंठेवारीचा वेगळा प्रस्ताव द्या. तिसरी खोली त्यात बसत नाही. आणि नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. तुमच्या जिल्ह्यात आणखी एक तपासायला हवं: जमीन मुळात आदिवासी खातेदाराची होती का? तसं असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार सक्षम परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, आणि मग बांधकाम परवानगीचा प्रश्न मागे पडतो. जुने फेरफार काढून पाहा.

प्रश्न: कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. कंपाउंडची भिंत किती उंच घेता येते? आणि आतली पडदी काढून दोन खोल्यांचा हॉल करायला परवानगी लागते का? (चाळीसगाव)

भिंतीची उंची पुढच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटर. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा ठेवला तर एकूण २.४ मीटरपर्यंत. मात्र कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांच्या बाजूंना दहा-दहा मीटर लांबीपर्यंत पक्की भिंत पाऊण मीटरच, त्यावर हवी तर पाऊण मीटर जाळी. वळणावर येणारी गाडी दिसावी म्हणून हा नियम आहे.

आतल्या कामाला, बाहेरचं रूप बदलत नसेल तर, परवानगी लागत नाही. पण ती पडदीच आहे ना, याची खात्री करा. साडेचार इंची असेल आणि वर बीम असेल तर पडदी. नऊ इंची असून स्लॅब थेट तिच्यावर टेकला असेल तर ती भार घेणारी भिंत, तिला अभियंत्याशिवाय हात लावू नका. ओळखायचं कसं? भिंतीच्या वरच्या कडेला सहा इंच प्लास्टर टोचून पाहा, वीट थेट स्लॅबला भिडलेली आहे की मध्ये काँक्रीट लागतं ते कळेल. विटेवर स्लॅब असेल तर प्लास्टर परत भरून घ्या आणि हॉलचा विचार अभियंता येईपर्यंत ठेवा बाजूला.